एकाच रकान्यात निम्मं जग

रोजच्या इंग्रजीतला ‘एशियन’ हा शब्द लंडनमध्ये उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा गुजराती, पंजाबी, सिल्हेटी किंवा मिरपुरी माणूस येतो. तोच शब्द लॉस एंजेलिसमध्ये उच्चारला, तर चिनी, कोरियन, व्हिएतनामी किंवा फिलिपिनो. नकाशावरचा आशिया तुर्कस्तानापासून जपानपर्यंत पसरलेला आहे आणि जगातली सुमारे साठ टक्के माणसं तिथे राहतात. म्हणजे हा शब्द नकाशाशी जुळत नाही आणि दुसऱ्या देशातल्या त्याच शब्दाशीही जुळत नाही. तरी नोकरीच्या अर्जात, दवाखान्याच्या फॉर्मवर, बातमीत, हॉटेलच्या पाटीवर तो बिनदिक्कत वापरला जातो, आणि बोलणाऱ्याचं काही अडत नाही.

हे पुस्तक इंग्रजीच्या या सवयीबद्दल आहे. माणसं, देश, पदार्थ यांचे मोठमोठे गठ्ठे बांधायचे, त्यांवर एक नाव टाकायचं आणि मग त्या नावालाच माहिती समजायचं, ही ती सवय. ती फक्त इंग्रजीची नाही, पण इंग्रजी ही गेल्या दोन शतकांत शिरगणतीची, कोर्टाची, वैद्यकशास्त्राची आणि व्यापाराची भाषा झाली. त्यामुळे तिच्यातलं ढोबळ नाव घरगुती राहत नाही. ते कायद्यात शिरतं आणि जगभर फिरतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ढोबळ नाव कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी कामासाठी तयार होतं आणि त्या कामापुरतं ते बहुतेक वेळा ठीक असतं. गोंधळ सुरू होतो तो ते टेबल सोडून बाहेर पडल्यावर. ज्या प्रश्नासाठी ते बनलंच नव्हतं, त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते वापरलं जाऊ लागतं. म्हणून प्रत्येक लेबलाला तीन गोष्टी विचाराव्यात: तुला कोणी बनवलं, कशासाठी बनवलं, आणि आज तू कुठे वापरलं जातंयस.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथे एका लेबलाने दुसऱ्याची जागा अडवल्याचा चांगला नमुना सापडतो. कोलंबसाच्या गैरसमजातून तिथल्या मूळ रहिवाशांना ‘इंडियन’ हे नाव चिकटलं. शेकडो भाषा बोलणारे, शेती करणारे, मासेमारी करणारे, रानगव्यांमागे फिरणारे असे सगळे समाज त्या एका शब्दात कोंबले गेले. पुढे खऱ्याखुऱ्या हिंदुस्थानातली माणसं अमेरिकेत उतरली, तेव्हा त्यांचं नाव आधीच दुसऱ्याला दिलेलं होतं. मग त्यांना ‘हिंदू’ म्हणायचं ठरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन या भागांत लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे बहुसंख्य पंजाबी शीख होते, काही मुसलमान होते; वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत मात्र सगळे ‘हिंदू’. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकी जनगणनांत तर ‘हिंदू’ हा वंशाच्या प्रश्नाखालचा अधिकृत पर्याय होता. धर्माचं नाव, देशाच्या अर्थाने, वंशाच्या रकान्यात.

या नावाचे चटके भगतसिंग थिंड यांना बसले. ते अमृतसर भागातले शीख. १९१३ साली अमेरिकेत गेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळू शकत होतं. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, म्हणून जपानी माणूस गोरा नाही. थिंड यांच्या बाजूने तोच धागा पकडला गेला: त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातला माणूस आर्य, म्हणजे कॉकेशियन ठरतो. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांच्या लेखणीतून, निकाल दिला की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत कसोटी बदलली आणि दोन्ही अर्जदार बाहेर राहिले. त्या निकालात शीख थिंड यांची ओळख ‘उच्चवर्णीय हिंदू’ अशी नोंदलेली आहे. पुढे महायुद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्याने त्यांना १९३६ साली नागरिकत्व मिळालं. बाकी भारतीयांना ती वाट १९४६ च्या कायद्यापर्यंत बंद होती.

‘उच्चवर्णीय हिंदू’ हे शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील. पंडिता रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात निघालं, त्याचं नाव ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’. त्याआधी वर्षभर त्याच शहरातून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र’. दोघींनीही हे शब्द मोजून वापरले होते. रमाबाईंना ठरावीक जातींतल्या स्त्रियांबद्दल, त्यांच्या वैधव्याबद्दल आणि बंधनांबद्दल बोलायचं होतं. ‘उच्चवर्णीय’ या विशेषणाने त्यांनी आपल्या विषयाला कुंपण घातलं होतं. छत्तीस वर्षांनी न्यायालयात त्याच शब्दांनी कुंपण काढून टाकलं: अमृतसरचा शीख त्यात आला आणि निकालाने सगळा हिंदुस्थान बाहेर गेला. शब्द तेच, पण एकीकडे विषय नेमका करण्यासाठी आणि दुसरीकडे माणूस ढोबळ करण्यासाठी. नुसत्या शब्दावर दोष ठेवून भागत नाही, तो का वापरला हे पाहावं लागतं, असं मी म्हणतो ते यामुळेच.

‘हिंदू’ गेला आणि ‘एशियन’ आला, पण सरळ वाटेने नव्हे. १९७० च्या अमेरिकी जनगणनेत भारतीय वंशाची माणसं गोऱ्यांत मोजली गेली होती. थिंड यांना नाकारलेला रकाना पन्नास वर्षांच्या आत न मागता मिळाला! पण तोवर काळ पालटला होता. १९६० च्या दशकातल्या नागरी हक्क कायद्यांमुळे नोकरी, घर, शिक्षण यांतला भेदभाव सिद्ध करायचा तर आकडे लागत, आणि आकड्यांसाठी गट लागत. गोऱ्यांत मोजलेल्या माणसावरचा भेदभाव आकड्यांत दिसणार कसा? भारतीय संघटनांनी वेगळ्या नोंदीसाठी आग्रह धरला. १९७७ च्या सरकारी निर्देशात भारतीय उपखंड ‘आशियाई किंवा प्रशांत बेटवासी’ या गटात आला, आणि १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ असा पर्याय छापला गेला. त्याच निर्देशानुसार तुर्कस्तान, इराण, अरबस्तान इथली माणसं ‘गोरी’ होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र गट मार्च २०२४ मध्ये ठरला.

त्या १९७७ च्या निर्देशात एक स्पष्ट ताकीद होती: हे गट शास्त्रीय किंवा मानववंशशास्त्रीय समजू नयेत. लेबल बनवणाऱ्यांनी स्वतःच त्यावर त्याची मर्यादा लिहिली होती. ज्या टेबलावर ते बनलं त्या टेबलावर ते कामाचं होतं, पुष्कळांना त्याचा न्याय मिळवायला उपयोग झाला. ताकीद मात्र फाइलीत राहिली आणि लेबल रस्त्यावर आलं. आजचा गंमतीदार परिणाम असा: २०२० च्या जनगणनेत ज्यांनी एकच आशियाई गट नोंदवला त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता, सुमारे ४४ लाख. पण अमेरिकी बोलण्यात ‘एशियन’ म्हटल्यावर भारतीय चेहरा अजूनही सहसा डोळ्यांपुढे येत नाही.

ब्रिटनमधली वाट वेगळी आहे आणि ती पूर्व आफ्रिकेतून जाते. केनिया, युगांडा, टांगानिका इथे रेल्वे बांधायला, दुकानं चालवायला, कचेऱ्यांत काम करायला गेलेल्या लोकांना १९४७ पर्यंत ‘इंडियन’ म्हणत. फाळणीनंतर त्यांतल्या निम्म्याशिम्म्यांचं मूळ गाव पाकिस्तानात गेलं असेल-नसेल, पण एका नावात दोन देश मावेनात, म्हणून ‘एशियन’ हा सोयीचा शब्द पुढे आला. १९६८ साली केनियातून आणि १९७२ साली इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकलल्यावर युगांडातून ही माणसं ब्रिटनमध्ये आली, तेव्हा शब्दही त्यांच्याबरोबर आला आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या भारतीय-पाकिस्तानींनाही लागू झाला. ब्रिटिश जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो १९९१ साली. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ साली ‘आशियाई’ या मथळ्याखाली भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी होते आणि चिनी माणूस मथळ्याबाहेर होता; २०११ साली तो आत आला. म्हणजे इंग्लंडातला चिनी माणूस कागदोपत्री आशियाई झाला त्याला फार दिवस झालेले नाहीत.

इथवर वाचून कुणी म्हणेल की ही सगळी बाहेरून लादलेली नावं आहेत. तसं नाही. १९६८ साली बर्कलीत युजी इचिओका आणि एमा गी या विद्यार्थ्यांनी ‘एशियन अमेरिकन’ हे नाव मुद्दाम उभं केलं. तोवर चिनी, जपानी, फिलिपिनो तरुण आपापल्या नावाने वेगवेगळे होते, आणि बाहेरचे त्यांना ‘ओरिएंटल’ म्हणत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांना एकत्र येऊन राजकीय आवाज हवा होता. ते नाव ढोबळच होतं, पण ढोबळपणा हाच त्याचा गुण होता. ब्रिटनमध्येही १९७० च्या दशकात पुष्कळ भारतीय-पाकिस्तानी कामगार चळवळींनी वंशभेदाविरुद्ध लढताना ‘ब्लॅक’ हे नाव आपखुशीने घेतलं होतं. लढाईसाठी रुंद नाव लागतं. या पुस्तकातला एक पूर्ण भाग अशा स्वीकारलेल्या नावांवर आहे. ढोबळ नाव म्हणजे अपमान, असा सोपा निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून तो लिहिला.

अडचण येते ती सरासरी काढताना. १९६६ साली विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने जपानी अमेरिकनांच्या प्रगतीवर एक लेख लिहिला. तिथून ‘आदर्श अल्पसंख्य’ ही कल्पना निघाली आणि बघता बघता सगळ्या आशियाईंना चिकटली. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून प्रामुख्याने डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक अमेरिकेत गेले. व्हिसानेच त्यांची निवड केली होती. १९७५ नंतर लाओस, कंबोडिया, व्हिएतनाममधून युद्धाने उखडलेली माणसं गेली. त्यांतल्या ह्मोंग लोकांपैकी अनेकांनी डोंगरातली शेती सोडून दुसरं काही केलेलं नव्हतं. या दोघांचं उत्पन्न आणि शिक्षण एकत्र करून जी सरासरी निघते ती दोघांपैकी कुणाचीच नसते. पण ती चांगली दिसते, आणि ज्याला मदतीची खरी गरज आहे तो तिच्यामागे झाकला जातो.

ब्रिटनने हे कोविडच्या काळात अनुभवलं. तिथे ‘ब्लॅक, एशियन अँड मायनॉरिटी एथनिक’ या शब्दांच्या आद्याक्षरांचं ‘बेम’ हे लेबल सरकारी भाषेत रूढ झालं होतं. गोरे सोडून सगळे त्यात. इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेत सर्वाधिक मृत्यूदर आफ्रिकी कृष्णवर्णीयांत दिसला, दुसऱ्या लाटेत बांगलादेशी वंशाच्या लोकांत. घरात किती पिढ्या एकत्र राहतात, माणसं बस चालवतात की घरून संगणकावर काम करतात, शहराच्या कुठल्या भागात राहतात, यांवर पुष्कळ काही अवलंबून होतं. ‘बेम’ या एका आकड्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. २०२१ साली वांशिक विषमतेवरच्या सरकारी आयोगाने हा शब्द वापरणं थांबवावं अशी शिफारस केली. त्या आयोगाच्या बाकीच्या निष्कर्षांवर कडाक्याचे वाद झाले, ते या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचे. पण या शब्दाला निरोप द्यायला विरोधकांतलेही अनेक तयार होते.

वैद्यकातलं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. वजन आणि उंची यांच्या गणितातून निघणारा बीएमआय १८.५ ते २५ च्या दरम्यान असला की माणूस ‘नॉर्मल’, हे लेबल जगभर चालतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास करत आले. त्यांना दिसलं की भारतीय बाळ युरोपीय बाळापेक्षा वजनाने हलकं असलं तरी त्याच्या अंगावर चरबी त्या मानाने कमी नसते. स्नायू कमी असतात. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी दोघांचा फोटोच छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ‘नॉर्मल’ या एका शब्दात ही दोन शरीरं शेजारी बसली होती, आणि मधुमेहाचा धोका दोघांना सारखा नव्हता.

यावर उपाय म्हणून ‘आशियाईंसाठी वेगळी मर्यादा’ ठरवणं सोपं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही हा प्रश्न तपासला, तेव्हा वेगवेगळ्या आशियाई लोकसमूहांत धोका सुरू होण्याची रेषा २२ पासून २५ पर्यंत कुठेही सापडली. त्यांनी सगळ्या आशियासाठी एकच नवी व्याख्या करायचं नाकारलं. जागतिक वर्गीकरण तसंच ठेवलं आणि सावध होण्यासाठी २३ आणि २७.५ असे जादा टप्पे सुचवले. एक ढोबळ लेबल मोडून दुसरं बसवताना शहाण्या माणसाने कसं वागावं, याचं हे मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

माणसांकडून ताटाकडे वळलं की विषय हलका होतो, पण यंत्रणा तीच. ‘करी’ या शब्दाखाली आमटी, सार, कढण, रस्सा, कालवण, हुमण, शाकुती हे सगळं एकाच पातेल्यात जातं. इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांच्या पुस्तकात १७४७ साली ‘करी’ची कृती छापली गेली, म्हणजे हे लेबल तिथे पावणेतीनशे वर्षं मुरलं आहे. पुढे मजा अशी झाली की लेबलाच्या आत नवी लेबलं तयार झाली. गोव्याचं विंदालू, जे पोर्तुगीजांच्या लसूण घातलेल्या आंबट मुरवणातून आलं, आणि मद्रास हे शहर, ही ब्रिटिश हॉटेलांच्या मेनूवर तिखटपणाच्या पायऱ्या बनली: कोर्मा सौम्य, मद्रास जहाल, विंदालू त्याहून जहाल. ती ‘इंडियन’ हॉटेलं चालवणारे मालक मोठ्या संख्येने सिल्हेटचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. पाटीवर ‘इंडियन’ लिहिलं ते गिऱ्हाइकाला तेवढंच कळतं म्हणून. त्यांनी लेबल मानलं नाही, वापरलं.

मद्रासचा विषय निघालाच आहे, तर मुंबईतल्या ‘मद्रासी’ या शब्दाचा उल्लेख टाळता येत नाही. दादर-माटुंग्यात सगळ्या दाक्षिणात्यांना मद्रासी म्हणणारा मराठी माणूस इंग्रजांच्या प्रशासनाचंच लेबल चालवत होता. मद्रास इलाख्यात खरोखरच तमिळ, तेलुगू, मलबारचे मल्याळी आणि दक्षिण कानडा जिल्ह्यातले लोक एकत्र होते. १९५३ साली आंध्र वेगळा झाला, १९५६ साली बाकीची फेररचना झाली, १९६९ साली राज्याचं आणि १९९६ साली शहराचंही नाव बदललं. कचेरी उठून गेली तरी तिने लावलेलं लेबल बोलण्यात तसंच राहिलं. ढोबळ नावं किती चिवट असतात हे कळायला परदेशी जावं लागत नाही.

मॉरिशसमधल्या मराठी लोकांची कथा मात्र उलट दिशेची आहे, म्हणून ती पुस्तकात सविस्तर घेतली आहे. कोकणातून करारावर गेलेल्या मजुरांचे हे वंशज. तिथल्या इंग्रजीत लिहिलेल्या १९६८ च्या राज्यघटनेत समाज मोजले ते हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन असे. या तिघांत जीवनपद्धतीवरून जो बसत नाही तो ‘सर्वसाधारण लोकसंख्या’, आणि ती चौथा समाज. मराठी, तमिळ, तेलुगू हे कायद्याच्या दृष्टीने हिंदू. रोजच्या बोलण्यात मात्र तिथे ‘हिंदू’ म्हणजे बहुधा भोजपुरी-हिंदी परंपरेतला माणूस. मराठी तो मराठीच, त्याचे सण, मंडळं आणि शाळेतला भाषेचा तास वेगळे. कागदावरचं नाव रुंद, रस्त्यावरचं अरुंद. १९७२ नंतर तिथल्या जनगणनेत समाजाचा प्रश्नच विचारला गेलेला नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. पहिल्या भागात शिरगणती आणि कायदा आहे, दुसऱ्यात आरोग्य आणि शिक्षण, तिसऱ्यात बाजार आणि स्वयंपाकघर, चौथ्यात लोकांनी स्वतःसाठी घेतलेली नावं. काय बोलावं आणि काय बोलू नये याची यादी यात नाही; तशा याद्या दर दहा वर्षांनी जुन्या होतात, आणि ‘ओरिएंटल’च्या जागी ‘एशियन’ म्हटल्याने बोलणाऱ्याची माहिती वाढत नाही. भाषेतून ढोबळ नावं हद्दपार करावीत, असंही माझं म्हणणं नाही. त्यांच्याशिवाय कायदा चालणार नाही, साथीचा अंदाज येणार नाही, वाक्यही पुरं होणार नाही.

मागणी एवढीच आहे की नावाची रुंदी प्रश्नाला मापून असावी. एखादी कंपनी बाहेरून आलेल्यांना घेते की नाही हे पाहायचं तर ‘आशियाई’ हा रकाना पुरतो. त्याच कंपनीतल्या कामगाराला मधुमेहाची तपासणी कधी सुचवायची, तर तो पुरत नाही. त्या कामगाराच्या मुलाला शाळेत कुठल्या भाषेत मदत हवी, इथे तर तो पूर्ण निरुपयोगी आहे. ज्यांची मुलं-नातवंडं परदेशात असे फॉर्म भरतात त्या वाचकांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो रकाना कुठल्या कामासाठी आला आणि कुठल्या कामाला लावू नये, हे वेगळं दिलं आहे.